बारदान

पूर ओसरल्यावर शाळेच्या कपाटात
वीतभर गाळ, एक मेलेला खेकडा,
आणि इंग्रजी अक्षरांच्या डब्यात
सव्वीसपैकी चार:
ए, ई, आर, टी.
पत्र्याची, कडा गंजलेली.
बाकीची बावीस कृष्णेनं
हरिपूरला नेली असतील,
वारणेला दाखवायला.

मार्केट यार्डाच्या मागं संध्याकाळी सातला
माझा वर्ग भरतो.
हमाल, तोलारी, हळद निवडणाऱ्या बाया.
सगळ्यांची बोटं पिवळी,
आठवड्याभरात अक्षरंही पिवळी झाली.
नव्या डब्यासाठी अर्ज केलाय.
तोवर चारांवर भागवू, म्हटलं.

टी, ई, ए. टी म्हणजे चहा.
हे शिकवावं लागलं नाही.
टी उचलून मागं ठेवला: ईट. खा.
मग ई मागं गेली: एट. खाल्लं.
"अक्षरं तीच," सुंद्राबाई म्हणाल्या,
"नुस्ती जागा बदलली
तर खायाचं हुतं ते खाऊन झालं?"
हो, म्हटलं.
"आमच्या डब्यातबी असंच हुतंय वो बाई."

इअर म्हणजे कान.
कणीसही, असं कोश म्हणतो.
मक्याला कान कुठला, यावर अर्धा तास गेला.
रॅट: उंदीर.
गफूरचाचांनी गोदामांची नावं घेतली.
टार: डांबर. इरा: युग.
"कली," मागून आवाज आला.
आर्ट: कला. यावर कुणीच काही बोललं नाही.
ए, आर, ई: आर. आहेत.
"सातबाऱ्यावरचा आर? गुंठ्याच्या आसपासचा?"
तोही.
"आन् आपल्या वाणी वाचलं तर 'अरे' हुतंय,"
रुक्साना हसली, नि सगळा वर्ग
एकमेकांना अरे अरे करू लागला.

मग चारी अक्षरं एकदम.
रेट: दर. हा सगळ्यांना झोपेतही पाठ.
आणि टी, ई, ए, आर.
टिअर म्हटलं तर आसू,
टेअर म्हटलं तर फाडणं.

तायाप्पा लवटे उठला.
तीन महिन्यांत पहिल्यांदा टेबलापाशी आला,
आकड्यानं घट्टे पडलेल्या हातानं
ई उचलून पार टोकाला नेली.
टी, ए, आर, ई.
"ह्योबी टेअरच," म्हणाला.

मला हा शब्द माहीत नव्हता.
एम. ए., बी. एड., सतरा वर्षं नोकरी.

"काट्याच्या पावतीवर रोज येतोय की बाई.
बारदानाचं वजन. रिकाम्या पोत्याचं.
ते वजा केल्याबिगर
हळद किती, ते कळत न्हाई."
थोडा थांबला.
"पोत्याखाली मी असतुया.
माझं वजन ह्यातबी न्हाई, त्यातबी न्हाई."
मग स्वतःच:
"बरंच हाय म्हणा.
न्हाईतर त्याचंबी पैसं कापलं असतं."

रात्री कोश उघडला. होता शब्द.
दुसरा अर्थ दिला होता: एक प्रकारचं तण.
तायाप्पाचा अर्थ तिसरा, बारीक टायपात.

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं,
आन् खुद्द पोत्याला काय म्हणत्यात?
सॅक, म्हटलं. पण त्याला एस लागतो,
सी लागतो, के लागतो.
"म्हंजे पोतं पुरात गेलं,
पोत्याचं वजन तेवढं ऱ्हायलं."

आणि चहा सांगायला म्हणून
टी, ई, ए हातात घेऊन
टपरीवाल्या पोराला दाखवत बाहेर गेला.
टेबलावर आर एकटी,
पराणीच्या टोकाला असते तशी.